पॉलिग्राफला संमती द्यायची झाली तर नेमकं काय काय होतं?

पिंपळपार

मामा एका पतसंस्थेत रोखपाल आहेत, वय ५७. मार्चअखेरच्या मोजणीत तिजोरीतल्या रोकडीत तूट निघाली. तिजोरीला दोन किल्ल्या, एक व्यवस्थापकांकडे आणि एक मामांकडे. गुन्हा नोंदवला गेलाय, अटक अजून कुणालाच नाही. तपास अधिकाऱ्यांनी पाच कर्मचाऱ्यांना ‘लाय डिटेक्टर’ची, म्हणजे पॉलिग्राफची, तयारी आहे का असं विचारलंय आणि विचार करायला चार दिवस दिलेत. घरात दोन तट पडलेत. एकाचं म्हणणं, मनात पाप नाही तर भ्यायचं कशाला. दुसऱ्याचं म्हणणं, मामांचं बीपी आधीच वर असतं, यंत्र त्यांनाच खोटं ठरवेल.

विचारायचं ते असं. चाचणीत प्रत्यक्ष काय करतात, किती वेळ लागतो, काही दुखतं का? बीपी आणि शुगरच्या गोळ्या चालू आहेत, त्यांचं काय करायचं? नाही म्हणता येतं का, आणि नाही म्हटलं तर संशय पक्का होतो का? निकाल विरुद्ध गेला तर पुढे काय? ऐकीव नको, ज्यांना यातलं खरंच माहीत आहे त्यांनी सांगावं.

आलेख

आधी तीन चाचण्या वेगळ्या करून घ्या, कारण लोक त्यांची सरमिसळ करतात. शिरेतून औषध देऊन अर्धवट गुंगीत प्रश्न विचारतात ती नार्को. डोक्यावर इलेक्ट्रोडची टोपी चढवून, डोळे मिटून नुसती वाक्यं ऐकवतात ती ब्रेन मॅपिंग. पॉलिग्राफमध्ये सुई नाही, औषध नाही, शॉक नाही. माणूस पूर्ण शुद्धीत खुर्चीत बसून ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणतो आणि यंत्र त्याच्या शरीरातले बदल नोंदवत राहतं. पोलिसांच्या एकाच अर्जात तिन्हींची मागणी असू शकते. म्हणून सही करण्याआधी कागदावर कोणत्या चाचणीचं नाव आहे ते मामांनी स्वतः वाचावं.

महाराष्ट्रात पोलीस प्रकरणातली चाचणी न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत होते. तिचं मुख्यालय मुंबईत, कलिन्याला. पत्रात जागा आणि वेळ दिलेली असते. सबंध दिवस मोकळा ठेवा. खोलीतला वेळ दोन ते तीन तास, कधी त्याहून जास्त. यात यंत्र चालू असतं ते जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं, बाकी सगळं बोलणं. आणि चाचणी बिघडते ती बहुतेक वेळा या बोलण्यातच.

पहिला तासभर यंत्राला हातही लावत नाहीत. परीक्षकाने फिर्याद आणि तपासाचे कागद आधीच वाचलेले असतात. तो झोप, जेवण, आजार, गोळ्या, शिक्षण यांची चौकशी करतो. मग त्या दिवसाची हकिकत मामांच्या तोंडून सलग ऐकतो. इथे मोकळेपणाने, पण नेमकं बोलावं. आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ म्हणावं. अंदाजाने वेळ सांगितली आणि पुढे ती चुकीची निघाली, तर मनात रुखरुख राहते आणि ती आलेखावर उमटते. त्यानंतर सगळे प्रश्न, साधारण दहा-अकरा, एकेक करून वाचून दाखवतात. हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. यंत्र लावल्यावर यातलेच प्रश्न येतात, नवा प्रश्न एकही नाही. कुठला शब्द खटकला, दुहेरी अर्थाचा वाटला, तर तो याच वेळी बदलून मागायचा.

मग जोडणी. छातीभोवती एक आणि पोटाभोवती एक अशा दोन नळ्या किंवा पट्टे, श्वासासाठी. एका हाताच्या दोन बोटांना धातूच्या छोट्या पट्ट्या, त्वचेवरच्या घामासाठी. त्यातून जाणारा प्रवाह इतका क्षीण असतो की जाणवतसुद्धा नाही. दुसऱ्या दंडाला दवाखान्यात बांधतात तसा बीपीचा पट्टा. हा मात्र बीपी मोजताना करतात तसा पूर्ण आवळून सोडत नाहीत. साधारण ६० ते ७० मिलिमीटर दाबावर फुगवून एक आलेख, म्हणजे प्रश्नांची एक फेरी, संपेपर्यंत तसाच ठेवतात. चार-पाच मिनिटांनी हात जड होतो, बोटांना मुंग्या येतात. दुखण्यासारखं असेल तर एवढंच. प्रत्येक आलेखानंतर हवा सोडून हात मोकळा करू देतात. बऱ्याच ठिकाणी एका बोटाला नाडीची क्लिप लावतात, आणि खुर्चीच्या बैठकीत हालचाल टिपणारी गादी असते.

पहिला आलेख सरावाचा. तीन ते सात यातला एक आकडा कागदावर लिहायला सांगतात आणि प्रत्येक आकड्याला ‘नाही’ म्हणायला लावतात, लिहिलेल्या आकड्यालासुद्धा. जोडण्या नीट बसल्यात का आणि या माणसाचं शरीर प्रतिसाद कसा देतं, ते यातून कळतं. ‘बघा, यंत्राने तुमचं खोटं पकडलं’ असंही सांगतील. त्याने दचकू नये.

खरे आलेख तीन ते पाच. दर वेळी तेच प्रश्न, क्रम बदललेला. दोन प्रश्नांत वीस-पंचवीस सेकंद शांतता असते, आणि नवख्या माणसाला ती फार लांब वाटते. नजर समोर, पाय जमिनीवर, हात खुर्चीच्या हातावर, उत्तर एका शब्दात. ‘नाही हो साहेब, मी कशाला’ असं लांबवलं की श्वासाची रेघ मोडते. खोकला, जांभई, सुस्कारा, घोट गिळणं, यातलं काहीही झालं की परीक्षक तिथे खूण करतो, आणि त्या प्रश्नाची नोंद बहुधा वाया जाते. खोकला येणारच असेल तर उत्तर दिल्यावर दहा-पंधरा सेकंद थांबून मग खोकावं.

आता प्रश्न कसले असतात ते. ‘तुमचा जन्म सातारा जिल्ह्यात झाला का?’ हा तटस्थ. ‘तिजोरीत कमी पडलेली ती रक्कम तुम्ही चोरलीत का?’ हा मुद्द्याचा. आणि तिसरा प्रकार, ज्याची कल्पना लोकांना नसते: ‘या नोकरीच्या आधी, तुमच्यावर विश्वास टाकणाऱ्या कुणाला तुम्ही कधी फसवलंत का?’ याला तुलनेचा प्रश्न म्हणतात. तर्क असा की निर्दोष माणूस या संदिग्ध प्रश्नावर जास्त अडखळतो आणि दोषी माणूस मुद्द्याच्या प्रश्नावर. बीपी मुळात किती आहे याला महत्त्व नाही. त्याच माणसाच्या दोन प्रश्नांवरच्या प्रतिसादांत फरक किती, हे बघतात. त्यामुळे ‘मामांचं बीपी वर असतं म्हणून ते खोटे ठरतील’ ही भीती तेवढी काढून टाका.

गुण देण्याची एक रूढ पद्धत अशी. प्रत्येक मुद्द्याच्या प्रश्नाची त्याच्या शेजारच्या तुलनेच्या प्रश्नाशी तुलना करायची. श्वास, घाम आणि रक्तदाब यांना वेगवेगळे, उणे ३ ते अधिक ३ यांमधले गुण द्यायचे आणि सगळ्या आलेखांची बेरीज करायची. अधिक ६ किंवा वर गेली तर सत्य, उणे ६ किंवा खाली गेली तर असत्य, मधे राहिली तर अनिर्णित. अनिर्णित म्हणजे ‘काहीतरी लपवतोय’ नव्हे. आलेखावरून सांगता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

मुद्दाम श्वास अडवणं किंवा पायाची बोटं आवळणं असले उपाय कुणी सुचवले तर ऐकू नका. गादीवर ते दिसतं, श्वासाची रेघ अस्वाभाविक होते, आणि अहवालात ‘सहकार्य केले नाही’ अशी ओळ पडते. निर्दोष माणसाचं नुकसान या असल्या ओळीने जास्त होतं.

कोर्टनाका

कायद्याचं सांगतो. नाही म्हणता येतं, आणि ते ठामपणे म्हणता येतं. सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१० रोजी सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात सांगितलं की नार्को, ब्रेन मॅपिंग आणि पॉलिग्राफ या तिन्ही चाचण्या कुणावरही सक्तीने करता येणार नाहीत. आरोपी असो, संशयित असो की साक्षीदार. आधार राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) (स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नको) आणि २१ (जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्य) चा. त्याआधी २००४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तेलगी मुद्रांक घोटाळ्याच्या प्रकरणात उलट भूमिका घेतली होती. जुने लोक अजून तिचा दाखला देतात. ती आता चालत नाही.

नकाराबद्दल. चाचणीला नाही म्हटलं म्हणून दोषी धरता येत नाही. तपास अधिकाऱ्याच्या मनात काय येईल ते आपल्या हातात नाही, पण त्याच्या मनातला संशय हा पुरावा नव्हे. चौघे हो म्हणाले म्हणून पाचव्याने हो म्हणायचं, अशी सोसायटीच्या सभेसारखी ही गोष्ट नाही. प्रत्येकाचा निर्णय वेगळा आणि ज्याचा त्याचा. एक मात्र लक्षात ठेवा: चाचणीला नकार म्हणजे तपासाला नकार नव्हे. जबाबाला बोलावलं तर जायचं, नोटीस असेल तर तिचं पालन करायचं.

हो म्हणायचं ठरलं तर राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाची २००० सालची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, आणि सेल्वी निकालाने ती पाळायला सांगितलीत. संमती न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवायची. त्या वेळी वकील हजर हवा. चाचणीचे शारीरिक, मानसिक आणि कायदेशीर परिणाम पोलिसांनी आणि वकिलाने समजावून सांगायचे. चाचणीत दिलेलं निवेदन कबुलीजबाब ठरत नाही, त्याचा दर्जा पोलिसांपुढच्या जबाबाइतकाच आहे, हे त्या माणसाला दंडाधिकाऱ्यांसमोर स्पष्ट सांगायचं. कोठडीत किती दिवस ठेवलं, चौकशी कशी केली, हेही दंडाधिकाऱ्यांनी बघायचं. प्रत्यक्ष चाचणी स्वतंत्र यंत्रणेने, वकिलाच्या उपस्थितीत घ्यायची. ठाण्यात टेबलावर कागद सरकवून ‘इथे सही करा, बाकीचं आम्ही बघतो’ असं कुणी म्हणालं तर ती ही संमती नव्हे. त्या कागदावर सही करू नये, आणि शांतपणे सांगावं की दंडाधिकाऱ्यांसमोर वकिलासह संमती नोंदवू.

वकिलाने खोलीत बसायचं की दाराबाहेर, हे आदल्या दिवशीच ठरवून घ्या. चाचणी चालू असताना खोलीत आणखी कुणी हललं तरी आलेखावर परिणाम होतो, म्हणून परीक्षक आक्षेप घेऊ शकतो. ऐनवेळी या वादात मामांचाच जीव थकेल.

निकालाचं वजन. संमतीने घेतलेल्या चाचणीचा निकालसुद्धा स्वतः पुरावा म्हणून चालत नाही, कारण शरीराच्या प्रतिसादावर माणसाचा जाणीवपूर्वक ताबा नसतो. पण त्याच चाचणीच्या आधाराने पुढे काही वस्तू किंवा माहिती हाती लागली, तर ती पुराव्यात येऊ शकते. जुन्या पुरावा कायद्यातलं कलम २७ इथे लागू होत असे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम २३ च्या परंतुकात आलंय. उलट बाजूही सांगतो. चाचणीत ‘पास’ झालात म्हणून गुन्ह्यातून नाव आपोआप वगळलं जाईल, असंही नाही. जून २०२५ मध्ये अमलेश कुमार विरुद्ध बिहार राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सेल्वीचीच चौकट पुन्हा सांगितली. जामिनाच्या अर्जावर नार्कोचं आश्वासन स्वीकारणं चूक ठरवलं, आणि आरोपीलाही अशी चाचणी हक्काने मागता येत नाही असं म्हटलं.

खरा धोका असतो तो पट्टे काढल्यावर. आलेख झाले की परीक्षक म्हणतो, ‘अमुक प्रश्नावर थोडं वेगळं दिसतंय, काही सांगायचं राहिलंय का?’ तीन तास बसून थकलेला माणूस या एका वाक्यावर मोकळा होतो, आणि त्यात नको ते बोलून जातो. कधी दुसऱ्यावरचा नुसता संशयसुद्धा खात्रीने सांगतो. इथेही गप्प राहण्याचा हक्क तसाच शाबूत असतो. ‘मला जे सांगायचं होतं ते आधीच सांगितलंय’ एवढं पुरे.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर तालुका विधी सेवा समिती किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रियांना आणि कोठडीतल्या माणसांना उत्पन्नाची अट नाही. पाच कर्मचाऱ्यांत महिला असतील तर त्यांनाही हे सांगा.

स्टेथो

गोळ्यांबद्दल एकच नियम: रोजच्या गोळ्या रोजच्या वेळी घ्यायच्या. ‘यंत्राला खरं कळावं म्हणून’ बीपीची गोळी बंद करणं हा शुद्ध धोका आहे. मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल या गटातली गोळी एकाएकी थांबवली तर ठोके आणि दाब उसळून वर जातात. छातीत दुखण्यापर्यंत मजल जाऊ शकते. तसंच, मन शांत राहावं म्हणून कुणाची तरी झोपेची गोळी मागून घेऊ नये. नाव, मात्रा आणि वेळ लिहिलेली चिठ्ठी सोबत ठेवा आणि परीक्षकाला द्या, म्हणजे ठोके का वाढत नाहीत याचा अर्थ तो लावू शकेल.

शुगरचं जास्त जपा. उपाशीपोटी तीन तास बसवलं आणि साखर खाली आली, तर घाम सुटतो, धडधडतं, हात थरथरतात. यंत्र नेमकं तेच मोजतंय. त्यामुळे नाश्ता नेहमीचा, पोळी-भाजी किंवा पोहे, आणि पिशवीत बिस्किटं आणि एक ग्लुकोजची पुडी. ग्लुकोमीटर असेल तर आत जाण्याआधी एकदा तपासा. मधे अस्वस्थ वाटलं तर न लाजता थांबवायला सांगा. बरीच वर्षं मधुमेह असलेल्यांच्या हातापायांच्या नसांवर परिणाम होऊन घाम कमी येतो. अशा हातावर घामाची रेघ जवळजवळ सपाट येऊ शकते. मामांना मुंग्या, बधिरपणा असेल तर तेही सांगावं. आयुष्यभर काबाडकष्ट केलेल्या जाड, घट्टे पडलेल्या बोटांचंही असंच होतं. त्यांच्याबाबतीत पट्टी तळहातावर लावून बघतात.

चाचणी पुढे ढकलायला सांगायची कारणं: ताप, सर्दी-खोकला, दमा उसळलेला, आदल्या रात्री झोप नाही, कुठे तरी तीव्र वेदना, घरात नुकतंच दुःख घडलेलं. हृदयविकार, पेसमेकर, अनियमित ठोके, फिट येणं, गरोदरपण किंवा मानसिक आजारावरचे उपचार असतील तर डॉक्टरांचं लेखी मत घेतल्याशिवाय जाऊच नये. डायलिसिससाठी फिस्टुला केलेल्या हाताला, किंवा स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढलेल्या बाजूच्या हाताला पट्टा बांधू देऊ नका. दुसरा हात किंवा पोटरी चालते.

चहा नेहमी दोन कप घेत असाल तर दोनच घ्या. एकदम बंद केला तर डोकं दुखेल, पाच कप घेतले तर ठोके वाढतील. तंबाखूचंही तसंच. जाण्याआधी लघवीला जाऊन यावं. सुचायला साधी गोष्ट आहे, पण भरलेल्या मूत्राशयाने माणूस खुर्चीत सारखा चुळबुळतो. पट्टा वर सरकेल असा सैल अर्ध्या बाह्यांचा सदरा घालावा.

पिंपळपार

मनापासून आभार. मामांनी गोळ्यांची चिठ्ठी केलीसुद्धा. @आलेख, शब्द बदलून मागायचे म्हणजे नेमके कसले शब्द? मामा म्हणतात, साहेबांनी विचारलेल्या प्रश्नात आपण कसल्या चुका काढायच्या.

आलेख

चुका काढायच्याच. परीक्षक चांगला असेल तर त्याला ते हवंच असतं.

मामा रोखपाल आहेत म्हणून त्यांच्याच कामातलं उदाहरण घेतो. ‘तुम्ही तिजोरीतून पैसे घेतलेत का?’ हा प्रश्न रोखपालाला विचारायचाच नाही. रोज सकाळी काउंटरसाठी रोकड तिजोरीतून तेच घेतात. ‘हो’ म्हटलं तर कबुली वाटते, ‘नाही’ म्हटलं तर खोटं. आणि हा खोटेपणा आलेखावर दिसेल, चोरी केली नसतानासुद्धा. ‘घेतले’च्या जागी ‘चोरले’ हवं, आणि कोणती रक्कम, कोणत्या तारखेची, ते वाक्यातच हवं.

दुसरं, नकारार्थी प्रश्न. ‘तुम्ही ते पैसे चोरले नाहीत ना?’ याला मराठीत ‘हो’ म्हणजे काय? कुणी ‘हो, नाही चोरले’ अशा अर्थाने हो म्हणेल, कुणी नुसतं ‘नाही’ म्हणेल, दोघेही खरं बोलत असतील. मन एक सेकंद तिथे अडकलं की घामाची रेघ वर चढते. शेवटी ‘ना’ लागणारा प्रत्येक प्रश्न सरळ करून मागा.

तिसरं, दोन प्रश्न एकात. ‘तुम्ही रक्कम काढली आणि नोंदवही बदलली का?’ समजा, मामांनी नोंदवहीत एखादी खाडाखोड केली असेल, ती रीतसर सहीनिशी केलेली असली तरी, अर्धा प्रश्न खरा आणि अर्धा खोटा होतो. तोडून मागा.

चौथं, ‘चोर कोण ते तुम्हाला माहीत आहे का?’ पाच माणसांच्या कार्यालयात महिनाभर हीच चर्चा चाललेली असणार. संशय सगळ्यांनाच असतो, माहिती कुणालाच नसते. म्हणून ‘माहीत आहे’ म्हणजे स्वतः पाहिलं किंवा त्याने स्वतः सांगितलं, एवढाच अर्थ धरायचा, हे आधी ठरवून घ्यावं.

तुलनेच्या प्रश्नाबद्दलही एक सूचना. ‘आयुष्यात कधी कुणाला फसवलंत का’ म्हटल्यावर शाळेत असताना वडिलांच्या खिशातून चार आणे काढल्याचं आठवेल. ते बोलण्याच्या टप्प्यातच सांगून टाकावं. परीक्षक मग ‘हे सोडून’ असं म्हणून प्रश्न पुन्हा बांधतो.

आणखी एक प्रकार आहे, गुन्हेगारालाच ठाऊक असलेल्या तपशिलावरचा. ‘रक्कम १० हजार होती का? ४० हजार? ७० हजार? ९० हजार?’ असे पर्याय वाचतात आणि खऱ्या आकड्यावर प्रतिसाद उठतो का ते बघतात. ज्याला तपशील माहीत असायचं कारणच नाही, त्याच्यासाठी ही पद्धत फार चांगली. पण तुटीचा आकडा रोखपालानेच मोजून काढलेला, आणि बाकीच्यांना तो दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर कळलेला. अशा ठिकाणी तिचा उपयोग संपतो. मामांना असा संच लावणार असतील तर त्यांनी तिथल्या तिथे सांगावं: आकडा मला कामामुळे माहीत आहे.

पडताळा

वर सगळं बरोबर लिहिलंय, पण अचूकतेबद्दल कुणी बोललं नाही आणि निर्णय त्यावर अवलंबून आहे. यंत्र खोटं मोजत नाही. खोट्यासाठी शरीराची स्वतंत्र अशी कुठलीही खूण नाही. भीती, राग, अपमान, लाज या सगळ्यांत तोच घाम आणि तोच श्वास. तीस वर्षं इमानाने रोकड सांभाळलेल्या माणसाला ‘चोरलीत का’ विचारलं की त्याला जो संताप येतो, तो मुद्द्याच्या प्रश्नावरच येतो. तुलनेच्या प्रश्नाचा तर्क इथे उलटा पडू शकतो. भित्र्या आणि मानी माणसांना हा धोका जास्त.

१९२१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या पोलीस खात्यात जॉन लार्सनने श्वास आणि रक्तदाब एकत्र नोंदवणारं यंत्र केलं, तेव्हापासून हा वाद चालू आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २००३ मध्ये सगळा उपलब्ध पुरावा तपासला. निष्कर्ष असा की विशिष्ट घटनेच्या तपासात ही चाचणी नुसत्या नशिबापेक्षा बरीच वर, पण अचूकतेपेक्षा बरीच खाली राहते. सरसकट चाळणी म्हणून वापरली तर काय होतं याचं त्यांचं गणित डोळे उघडणारं आहे. दहा हजार कर्मचाऱ्यांत दहा हेर आहेत असं धरा. त्यांतले आठ पकडण्याइतकी चाचणी कडक केली तर जवळपास १,६०० निर्दोष माणसंही खोटी ठरतात. उलट बाजूने, सीआयएमधला सोव्हिएत हेर ऑल्ड्रिच एम्स १९८६ आणि १९९१ अशा दोन्ही वेळा चाचणीतून सुटला. १९९४ मध्ये तो पकडला गेला तो पैशांचा माग आणि पाळत यांमुळे.

तुमच्या प्रकरणात पाच जण आहेत, चोर बहुधा एक, कदाचित बाहेरचाही. चौघा-पाच निर्दोषांची चाचणी घेतली तर त्यांच्यातला एखादा विरुद्ध निघण्याची शक्यता किरकोळ नाही. आणि एकदा कागदावर ‘असत्य’ लिहिलं गेलं की कोर्टात त्याला किंमत नसली तरी तपासाचं तोंड त्या माणसाकडे वळतं. दोन किल्ल्या, मोजणीच्या तारखा, काउंटरचा रोजचा मेळ, शाखेच्या कॅमेऱ्याची साठवण आणि किल्ली नोंदवही, खरी चोरी तिथे सापडते. मामांनी चाचणीला हो म्हणो वा नाही, या कागदांच्या प्रती जपून ठेवण्याची मागणी लेखी नोंदवावी. कॅमेऱ्याचं जुनं चित्रण ठरावीक दिवसांनी आपोआप पुसलं जातं. हा अर्ज उद्याच द्या, चार दिवस थांबू नका.

पिंपळपार

अर्ज आज संध्याकाळीच लिहितो. एक नवीन गोष्ट कळली. संचालक मंडळ म्हणतंय की पोलिसांची वाट कशाला बघा, खाजगी एजन्सीचा माणूस कार्यालयात बोलावून सगळ्यांची चाचणी इथेच करून घेऊ, खर्च संस्था करेल. यात दंडाधिकारी कुठे येतात?

कोर्टनाका

कुठेच येत नाहीत, आणि अडचण तीच आहे. अमेरिकेत १९८८ पासून खाजगी मालकांना कर्मचाऱ्यांवर ही चाचणी लादायला बहुतेक ठिकाणी कायद्यानेच मनाई आहे. आपल्याकडे असा वेगळा कायदा नाही, त्यामुळे सगळा भार संमतीपत्रावर येतो. संस्थेला सक्ती करता येत नाही, पण ‘खाजगी’ म्हणून तिथे बोललेलं सुरक्षित आहे असं मात्र समजू नका. पोलिसांपुढची कबुली पुरावा म्हणून वापरायला कायद्याने जी अडकाठी आहे, ती खाजगी माणसापुढे बोललेल्या शब्दांना तशी नाही. तो परीक्षक उद्या साक्षीदार म्हणून उभा राहू शकतो. गुन्हा नोंदलेला असताना मामांनी अशा चाचणीला बसू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मंडळाला दोन ओळींचं पत्र द्या: प्रकरण पोलिसांच्या तपासावर असल्याने मी तपास अधिकाऱ्यांना पूर्ण सहकार्य करत आहे, समांतर खाजगी चाचणीला माझी संमती नाही. तारीख घाला, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. पत्र आवकला स्वीकारलं नाही तर स्पीड पोस्टने पोच-पावतीसह पाठवा. त्याची एक प्रत वकिलाकडे, एक घरात.